ब्राँकिओलायटिसची तान्ही बाळं: वॉर्डातले अनावश्यक एक्स-रे, वाफा आणि अँटिबायोटिक कसे थांबवायचे

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईच्या उपनगरातल्या एका छोट्या रुग्णालयात दर पावसाळ्यात ब्राँकिओलायटिसची (व्हायरसमुळे फुप्फुसातल्या बारीक श्वासनळ्यांना सूज आलेली) बाळं दाखल होतात. जवळपास प्रत्येकाला एक्स-रे, सीबीसी आणि सीआरपी या रक्ततपासण्या, दर सहा तासांनी नेब्युलायझेशन (मशीनने औषधाची वाफ), स्टेरॉइड आणि शिरेतून अँटिबायोटिक मिळतं. यातलं बहुतेक नको असतं हे सगळ्या डॉक्टरांना ठाऊक आहे, तरी दरवर्षी तेच होतं. हे थांबवायचं तर सुरुवात कुठून करावी?

सुरुवात दाखल होतानाच्या पहिल्या तासापासून करावी. या आजारात अनावश्यक उपचार सुटे येत नाहीत, एकाचं बोट धरून दुसरा येतो. कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर, सवयीने एक्स-रे लिहितो. त्यात काहीतरी ‘पॅच’ दिसतो, पॅच आहे म्हणून सेफ्ट्रायॅक्झोन हे अँटिबायोटिक सुरू होतं, त्यासाठी व्हेनफ्लॉन (शिरेत बसवलेली नळी) लागतो. व्हेनफ्लॉन आहेच तर सलाईन लावलं जातं, आणि सलाईन चालू आहे म्हणून आईचं अंगावर पाजणं कमी होतं. तिसऱ्या दिवशी बाळ बरं दिसत असतं, पण ‘कोर्स पूर्ण करू’ म्हणून ते अजून दोन दिवस राहतं. ही साखळी मधेच तोडणं फार अवघड जातं. पहिली कडीच जोडली गेली नाही, तर पुढचं आपोआप टळतं.

आधी कोणत्या बाळाबद्दल बोलतोय ते पक्कं करू. वय एक वर्षाच्या आत (व्याख्येत दोन वर्षांपर्यंत धरतात, पण एक वर्षानंतर दम्याच्या प्रवृत्तीची सरमिसळ वाढते), दोन-तीन दिवस नाक वाहणं, मग खोकला, श्वास जलद, छाती आत ओढली जाणं, दोन्ही बाजूंना बारीक करकर किंवा शिट्टी, सौम्य ताप, दूध कमी. एवढं असेल तर निदान झालं. ते तपासून करायचं असतं, लॅबमध्ये नाही. बहुतेकदा कारण आरएसव्ही हा श्वसनमार्गाचा व्हायरस असतो, बाकी ऱ्हायनोव्हायरस, मेटान्यूमोव्हायरस वगैरे. कोणता व्हायरस आहे हे कळल्याने उपचारात काही बदलत नाही, त्यामुळे महागडं श्वसन पॅनल (अनेक व्हायरस एकदम शोधणारी तपासणी) फक्त एखाद्या अतिगंभीर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळासाठी ठेवावं.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, शक्यतो बाळ शांत असताना आणि नाक साफ केल्यावर. नाक बंद असलेलं, रडणारं बाळ प्रत्यक्षाहून खूप आजारी दिसतं, आणि त्या दिसण्यावरच निम्म्या ऑर्डर लिहिल्या जातात. सलाईनचे दोन-तीन थेंब प्रत्येक नाकपुडीत टाका, बल्बने किंवा मऊ कॅथेटरने फक्त नाकपुडीच्या तोंडाशी हलकं सक्शन करा आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघा. कॅथेटर घशापर्यंत घालून केलेलं खोल सक्शन टाळा. त्याने सूज वाढते, आणि अशी बाळं जास्त दिवस दाखल राहतात असं दिसून आलं आहे.

कोणाला या चौकटीतून बाहेर काढायचं हेही तितकंच महत्त्वाचं. ‘काही करू नका’ हा नियम चुकीच्या बाळाला लावला, तर संपूर्ण मोहीमच बदनाम होते. आपल्याकडे तीन सापळे विशेष आहेत. पहिला हृदयाचा: मोठा व्हीएसडी (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र) असलेलं बाळ सहा-आठ आठवड्यांचं झालं की फुप्फुसातला दाब उतरतो आणि ते जलद श्वास, छाती ओढणं घेऊन येतं, हुबेहूब ब्राँकिओलायटिससारखं. दूध पिताना कपाळावर घाम, वजन न वाढणं, मर्मर (हृदयाचा जादा आवाज), बरगडीखाली दोन बोटांहून जास्त हाताला लागणारं यकृत, यातलं काही सापडलं तर एक्स-रे आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) करायलाच हवेत. दुसरा क्षयाचा: दोन आठवड्यांहून जास्त खोकला, एकाच बाजूला शिट्टी, घरात कोणाला टीबीचं औषध चालू. दाटीवाटीच्या वस्तीतल्या बाळाच्या आईला हा प्रश्न न चुकता विचारावा. तिसरा डांग्या खोकला: लहान बाळ, खोकल्याची उबळ, निळं पडणं किंवा श्वास थांबणं, ताप नाही. याशिवाय २८ दिवसांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर त्याचा पूर्ण सेप्सिस वर्कअप (रक्तात जंतुसंसर्ग पसरला आहे का याच्या सगळ्या तपासण्या) होतो, छातीत करकर असो वा नसो. एक ते दोन महिन्यांच्या तापकरी बाळाची निदान लघवी तपासावी आणि कल्चरला (जंतू वाढवून पाहण्यासाठी) पाठवावी, तीही कॅथेटरने घेतलेली. पिशवी लावून घेतलेली लघवी खोट्या पॉझिटिव्ह कल्चरमुळे आणखी एक अनावश्यक अँटिबायोटिक सुरू करून देते.

आता एक्स-रे. कॅनडात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेहमीच्या ब्राँकिओलायटिसच्या २६५ बाळांचे एक्स-रे काढले. ब्राँकिओलायटिसशी न जुळणारं काही फक्त दोघांत सापडलं. पण डॉक्टरांना अँटिबायोटिक द्यावं असं वाटलेल्या बाळांचं प्रमाण फिल्म पाहण्याआधी २.६ टक्के होतं, ते पाहिल्यावर १४.७ टक्के झालं. कारण सरळ आहे. या आजारात चिकट स्रावाने बारीक नळ्या बुजतात आणि त्यापुढचा फुप्फुसाचा भाग बसतो. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या लोबमध्ये (खंडात) हे फार वेळा होतं. फिल्मवर तो बसलेला भाग न्यूमोनियासारखा पांढरा दिसतो. त्यात तान्ह्या बाळाच्या थायमसची (छातीतल्या ग्रंथीची) सावली, फिरवलेली फिल्म, श्वास सोडताना मारलेलं एक्स्पोजर. रात्री दोन वाजता एकट्या आरएमओने यातून काय ठरवावं? एक्स-रे ठेवावा तो या बाळांसाठी: पीआयसीयूत (लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात) हलवण्याइतकं गंभीर, एका बाजूचा आवाज स्पष्ट कमी, अचानक बिघडलेलं (न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसाबाहेर साठलेली हवा, शोधण्यासाठी), हृदयाची शंका, किंवा आठवडा उलटूनही सुधारणा नसलेलं. सीबीसी-सीआरपीचंही तसंच आहे. व्हायरसनेही पांढऱ्या पेशी आणि सीआरपी वाढतात, अॅडेनोव्हायरसने तर चांगलेच. त्या आकड्याने जीवाणू आहे-नाही हे ठरत नाही, फक्त आपली अस्वस्थता वाढते.

सगळ्यात चिवट सवय वाफेची. त्यामागचं विज्ञान नीट समजल्याशिवाय ती सुटत नाही. दम्यात श्वासनळीचा स्नायू आवळलेला असतो, सॅल्ब्युटामॉल हे वाफेचं औषध तो सैल करतं. ब्राँकिओलायटिसमध्ये अडथळा प्रामुख्याने सुजेचा, चिकट स्रावाचा आणि झडलेल्या पेशींचा असतो. या तिन्हींवर सॅल्ब्युटामॉलचा काही इलाज चालत नाही. सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी), दाखल होण्याचं प्रमाण, मुक्काम, यातलं काहीच त्याने सुधारत नाही हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे. उलट नाडी वाढते, बाळ चिडचिडं होतं, आणि फुप्फुसाच्या कमी हवा मिळणाऱ्या भागात रक्तपुरवठा वाढल्याने सॅच्युरेशन थोडं उतरूही शकतं.

मग ‘एकदा देऊन बघू, फरक पडला तर चालू ठेवू’ का नको? अमेरिकन बालरोग अकादमीच्या २००६च्या सूचनांत हा पर्याय होता. २०१४च्या सूचनांत त्यांनी तो काढून टाकला. कारण फरक पडला की नाही हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. या बाळांचा श्वास तासातासाला बदलतो. खोकून एक चिकट गोळा सुटला, रडून शांत झोप लागली, मास्कमधून ऑक्सिजन आणि ओलावा मिळाला, की दहा मिनिटांनी छाती मोकळी वाटतेच. श्रेय मात्र औषधाला जातं आणि दर सहा तासांची ऑर्डर पुढचे चार दिवस चालते.

अॅड्रेनालीनबद्दल नॉर्वेतल्या २०१३च्या चाचणीचा निकाल प्रत्येक वॉर्डात लावून ठेवण्यासारखा आहे. ४०४ बाळं, अॅड्रेनालीनची वाफ विरुद्ध साध्या सलाईनची: मुक्कामात फरक नाही. पण त्याच चाचणीत घड्याळ लावून वाफ दिलेली बाळं सरासरी ६१.३ तास राहिली, गरज भासेल तेव्हाच दिलेली ४७.६ तास. औषध कोणतंही असो, नेमाने उठवून मास्क लावण्याचाच तोटा होतो. या बाळांना झोप लागते, शक्ती उरते, दूध जातं, ती आपण हात कमी लावतो तेव्हा.

तीन टक्के सलाईनची वाफ कॅज्युअल्टीत देऊ नये. दाखल बाळांत काही ठिकाणी मुक्काम थोडा कमी झाल्याचे निकाल होते, नंतरच्या मोठ्या चाचण्यांत तो फायदा टिकला नाही. माझ्या मते लहान रुग्णालयात ती सुरूच करू नये, कारण तिच्याबरोबर ‘ब्राँकोस्पाझम (श्वासनळी आवळणं) होऊ नये म्हणून’ सॅल्ब्युटामॉल मागच्या दाराने परत येतं. स्टेरॉइडपैकी ब्युडेसोनाइडची वाफ, डेक्सामेथासोनचं इंजेक्शन, प्रेडनिसोलोनचं सिरप, काहीच नाही. किलोमागे १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन ६०० बाळांत तपासून झालं आहे (अमेरिका, २००७), दाखल होण्याचं प्रमाण बदललं नाही. माँटेल्युकास्ट नाही. छातीचं फिजिओ नाही. ते थकवतं आणि उलट्या करवतं. खोकल्याचं सिरप तर नाहीच. सर्दी-खोकल्याच्या सिरपमधलं क्लोरफेनिरामिन-फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखाली वापरू नये असं भारताच्या औषध महानियंत्रकांनीच डिसेंबर २०२३मध्ये सांगितलं आहे. अँटिबायोटिक फक्त वेगळा जीवाणू-संसर्ग सापडला तर: लघवीचं कल्चर, पू असलेला कान, किंवा बाळ खरोखर गंभीर जीवाणू-संसर्ग झाल्यासारखं दिसत असेल तर. अझिथ्रोमायसिन ‘सूज कमी करतं म्हणून’ देण्याला तीव्र आजारात आधार नाही.

आता ऑक्सिमीटरकडे, म्हणजे सॅच्युरेशन दाखवणाऱ्या यंत्राकडे, वळतो. मुक्काम लांबवण्यात या यंत्राचा वाटा औषधांपेक्षा मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं. कॅनडात २०१४ साली एक चाचणी झाली. इमर्जन्सीत आलेल्या सौम्य ते मध्यम आजाराच्या २१३ बाळांपैकी निम्म्यांच्या ऑक्सिमीटरवर खऱ्यापेक्षा तीन अंकांनी जास्त आकडा दाखवला. खरा आकडा दिसत होता त्यांतली ४१ टक्के बाळं ७२ तासांत दाखल झाली किंवा रुग्णालयात सहा तासांहून जास्त देखभाल घेत राहिली, फुगवलेला आकडा दिसत होता त्यांतली २५ टक्के. बाळांच्या तब्येतीत फरक नव्हता, डॉक्टरांना दिसणाऱ्या आकड्यात होता. ब्रिटनमध्ये ६१५ बाळांत ऑक्सिजनची मर्यादा ९४ ऐवजी ९० टक्के ठेवून पाहिली (२०१५). ती तितकीच सुरक्षित ठरली आणि बाळं सुमारे दहा तास आधी घरी गेली.

वॉर्डासाठी याचा अर्थ असा. सहा आठवड्यांवरच्या, इतर आजार नसलेल्या बाळाला ऑक्सिजन सुरू करायचा तो सॅच्युरेशन सतत ९० टक्क्यांखाली राहिलं तर. त्याहून लहान बाळ किंवा हृदय-फुप्फुसाचा आजार असेल तर ९२. ‘सतत’ हा शब्द महत्त्वाचा. झोपेत काही सेकंद ८७ होणं निरोगी बाळातही दिसतं. आकडा लिहिण्याआधी लाट नीट येते का पाहा, पाय गार आहे का, प्रोब सैल आहे का, बाळ हलतंय का. ऑक्सिजन बंद झाला की सतत आकडे दाखवणारा मल्टिपॅरा मॉनिटर काढून टाका आणि दर चार तासांनी फक्त एकदा मोजा. मॉनिटर लावून ठेवला की रात्री अलार्म वाजतो, सिस्टर प्रॉन्ग (नाकातली ऑक्सिजनची नळी) परत लावते, आणि सकाळच्या राउंडला ‘रात्री डिसॅच्युरेट झालं’ म्हणून अजून एक दिवस. ऑक्सिजन कमी करण्याचा अधिकार सिस्टरकडे लेखी द्या: बाळ शांत, ९० किंवा जास्त, तर अर्धा लिटर कमी करा, तासाने बघा. राउंडची वाट बघत राहिलेले कितीतरी तास यातून वाचतात.

हाय-फ्लो (गरम, ओलसर ऑक्सिजन जोराच्या प्रवाहाने नाकातून देणं) आता मुंबईत बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून ते लवकर लावलंही जातं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या १४७२ बाळांच्या चाचणीत (२०१८) सुरुवातीपासून हाय-फ्लो दिलेल्यांत उपचार वाढवावा लागण्याचं प्रमाण १२ टक्के होतं, साध्या ऑक्सिजनवर २३. पण मुक्काम किंवा ऑक्सिजनचा काळ कमी झाला नाही, आणि साध्या ऑक्सिजनवर न जमलेल्यांपैकी ६१ टक्के बाळं नंतर हाय-फ्लो लावून सावरली. म्हणून आधी साधे प्रॉन्ग, दोन लिटरपर्यंत. त्यावर जमत नसेल तर किलोमागे मिनिटाला दोन लिटर हाय-फ्लो. सॅच्युरेशन ठीक आहे पण ‘श्वास थोडा जलद’ एवढ्यासाठी नको.

उपचार म्हणून जे खरोखर करायचं ते पोषण आणि पाणी. आईला थोडं थोडं, वारंवार पाजू द्या, आधी नाक साफ करून. नेहमीच्या निम्म्याहून कमी जात असेल किंवा श्वास मिनिटाला साठ-सत्तरच्या वर असेल, तर नाकातून ६ किंवा ८ नंबरची फीडिंग ट्यूब घाला आणि काढलेलं अंगावरचं दूध द्या. पाच किलोच्या बाळाचं हिशेबी उदाहरण: किलोमागे १०० मिली म्हणजे दिवसाला ५०० मिली. गंभीर बाळाला त्याच्या दोन-तृतीयांश, म्हणजे साधारण ३३० मिली, दर दोन तासांनी सुमारे २८ मिली, हळूहळू. सहन झालं की दुसऱ्या दिवशी ४० मिलीकडे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ७५९ बाळांत नळी आणि सलाईन यांची तुलना झाली (२०१३). मुक्काम जवळपास सारखा, पण पहिल्या प्रयत्नात नळी ८५ टक्के बाळांत बसली, शीर ५६ टक्क्यांत सापडली. पालकांना नळी भयंकर वाटते. गुबगुबीत हातावर चार ठिकाणी टोचण्यापेक्षा ती सोपी आहे, आणि त्यातून आईचंच दूध जातं, हे आधी सांगितलं की बहुतेक आया तयार होतात.

सलाईन लागलंच तर आयसोलाइट-पी हे मुलांचं कमी सोडियमचं सलाईन नको. त्यात लिटरला सोडियम फक्त २५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास असतं, आणि या आजारात शरीर पाणी धरून ठेवतं. सोडियम १२५वर उतरून झटका आलेलं बाळ हा उपचाराने दिलेला आजार आहे. ०.९ टक्के सलाईनमध्ये ५ टक्के डेक्स्ट्रोज, दोन-तृतीयांश प्रमाणात, लघवी झाल्यावर पोटॅशियम, आणि रोज सोडियम. रक्ततपासणी इथे योग्य आहे.

आता हे वॉर्डात रुजवायचं कसं. व्याख्यान देऊन, भिंतीवर तक्ता लावून फार काही होत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २६ रुग्णालयांत केलेल्या चाचणीत (२०२१) एक्स-रे, सॅल्ब्युटामॉल, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि अॅड्रेनालीन या पाच गोष्टी मोजल्या. प्रत्येक ठिकाणी एक डॉक्टर आणि एक सिस्टर पुढाकार घेणारे, त्यांचं प्रशिक्षण, आणि आपल्याच वॉर्डाचे आकडे परत दाखवणं, एवढं केलेल्या रुग्णालयांत पाचही टाळलेली बाळं ८५.१ टक्के होती, इतरत्र ७३.

तुमच्याकडे हे असं करता येईल. मे महिन्यात गेल्या पावसाळ्याचे तीस-पन्नास केसपेपर काढा, एक वर्षाखालची पहिलीच वेळ असलेली बाळं घ्या, हृदय-फुप्फुसाचे जुने आजार वगळा आणि हेच पाच रकाने भरा. व्हिजिटिंग कन्सल्टंटना एकत्र बसवून ते आकडे दाखवा, नाव न घेता. प्रत्येकाची वेगळी पद्धत असेल तर आरएमओ सगळ्यात जास्त ऑर्डर लिहिणाऱ्याचीच पद्धत उचलतो, म्हणून सर्वांच्या सहीचा एकच प्रोटोकॉल हवा. मग छापील ॲडमिशन ऑर्डर शीट बदला: ‘नेब. सहा तासांनी’ ही आधीच छापलेली ओळ काढा आणि तिथे नाक साफ करणं, दूध किती टक्के गेलं, श्वास, सॅच्युरेशन हे रकाने टाका. एक्स-रे किंवा अँटिबायोटिक लिहिताना कारणाची एक ओळ सक्तीची करा. मनाई करू नका, फक्त कारण लिहायला लावा. दुसऱ्या दवाखान्यातून चालू होऊन आलेली औषधं पहिल्याच राउंडला तपासून बंद करा. जुलै ते ऑक्टोबर दर महिन्याला आकडे सिस्टर स्टेशनवर लावा आणि सोबत सात दिवसांत परत दाखल झालेली, पीआयसीयूत हलवलेली आणि न्यूमोनिया नंतर सापडलेली बाळंही मोजा. ते वाढत असतील तर थांबून केसपेपर तपासायचे.

टीपीएचा (विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणाऱ्या संस्थेचा) प्रश्न खरा आहे. शिरेतून औषध नसेल तर ‘दाखल करण्याची गरज काय’ अशी क्वेरी येते, आणि त्या भीतीने व्हेनफ्लॉन लागतो. उपाय केसपेपरवरच आहे: सॅच्युरेशन हवेवर ८८, ऑक्सिजन एक लिटर, दूध नेहमीच्या ४० टक्के, नळीने दर दोन तासांनी, श्वास ६८. हेच सक्रिय उपचार आहेत, आणि वेळेसकट लिहिलेले असले की उत्तर देता येतं.

घरच्यांशी पहिल्याच दिवशी बोला, आई आणि आजी दोघींसमोर. ‘छातीतल्या बारीक नळ्यांना व्हायरसची सूज आली आहे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो, आज दुसरा आहे, म्हणजे उद्या थोडं वाढलेलं दिसेल. वाफेच्या मशीनने ही सूज उतरत नाही. आपण ऑक्सिजन, दूध आणि नाक सांभाळू, आणि दर काही तासांनी तपासत राहू.’ उद्या वाढेल हे आज सांगितलं नाही, तर तिसऱ्या दिवशी ‘औषधच दिलं नाही म्हणून वाढलं’ असं होतं आणि दबावाखाली सगळं सुरू करावं लागतं.

डिस्चार्जसाठी: दूध पुरेसं, हवेवर सॅच्युरेशन ९० किंवा जास्त (लहान आणि जोखमीच्या बाळात ९२) निदान चार तास, त्यात झोपेचा थोडा वेळ धरून. खोकला थांबण्याची वाट पाहू नका, दहातल्या नऊ बाळांचा तो तीन आठवड्यांत जातो. कार्डावर हे मराठी-हिंदीत लिहून द्या, नाहीतर आठवड्याने खोकला बघून बाहेर कोणीतरी अँटिबायोटिक सुरू करेल. घरी धुरी, मच्छर अगरबत्ती, कापूर, नाकात तेल आणि भाड्याचं नेब्युलायझर नको. तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, कापराने झटके येऊ शकतात. श्वास थांबला, ओठ निळे पडले, छाती खोल ओढू लागली, बारा तास लघवी नाही किंवा दूध निम्म्याहून कमी झालं, तर रात्र असली तरी लगेच परत या. हे शब्द आईकडून एकदा वदवून घ्या, आणि दोन महिन्यांखालच्या किंवा वेळेआधी जन्मलेल्या बाळाला दोन दिवसांत ओपीडीत पुन्हा बघा.